उकळी आल्यापासून वीस मिनिटं

बाई, काल दुपारी पांढुर्ण्याहून नातीचा फोन आला. हे लिहायला बसल्यावर दोनदा उठून गॅसचं बटण पाहून आलो. बंदच होतं. म्हातारपणी अशी खोड लागते म्हणतात, पण मला ती चोविसाव्या वर्षी लागली, आणि कशानं लागली ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तुम्हाला जाऊन पन्नासावर वर्षं झाली. पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तरी खरं लिहीन असं ठरवून बसलो आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही जिच्यासाठी कुंची शिवली होती, त्या माझ्या मुलीची ही मुलगी. एका दवाखान्यात नर्स आहे. काल तिनं एका म्हातारीची रक्तदाबाची गोळी शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिली. फोनवर कुजबुजून बोलत होती. "आबा, कोणाच्याच लक्षात नाही आलं. तिला काही झालं बी नाही अजून. सांगू का राहू देऊ? नोकरी नवीन आहे ना जी माझी." मी तिला काय सांगितलं ते पुढं लिहितो. आधी त्या दिवसाचं लिहू द्या, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

त्या साली, छप्पनला, नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आपला सौंसर भोपाळकडे राहिला. कालपर्यंत दवाखान्याचे कागद नागपूरला जात होते, आता कुठं जाणार ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. तुम्ही दवाखान्याच्या नर्सबाई, मी जखमा बांधणारा ड्रेसर, तोही टेम्परवारी. नवे साहेब येणार, यादी करणार, कोणाला ठेवायचं कोणाला नाही ते ठरवणार, असं जो तो बोलत होता. घरी मुलगी दोन महिन्यांची. आणि आपल्या भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला नागपूरला गेलेलं. नागपूर दुसऱ्या राज्यात गेल्यावर ते कोणत्या कागदावर परत मागवायचं हे कोणाला कळेना, म्हणून ते आलंच नाही. पितळी डब्यात सुया आणि काचेची पिचकारी उकळायची ती तुमच्या मनगटावरच्या घड्याळावर. तुमचा नियम मला झोपेतही पाठ होता. स्टो पेटवल्यापासून नाही मोजायचं, पाण्याला उकळी आल्यापासून वीस मिनिटं.

तुम्ही बाहेर गेलात की घड्याळ तुमच्याबरोबर जायचं. तेव्हा मी एक युक्ती काढली होती, तुम्हाला न सांगता. दुपारची छिंदवाड्याकडून येणारी गाडी सौंसरला पाणी घ्यायला थांबायची. येतानाची शिटी आणि निघतानाची शिटी, यांच्या मधे वीस मिनिटं, कधी बावीस. कितीदा तरी मी ते तुमच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं आणि मनात खूश झालो होतो, की या अडाणी माणसालाही डोकं आहे.

त्या दिवशी तुम्ही सकाळपासून बोरगावला बाळंतपणाला गेला होता. रामाकोन्याची एक बाई ओसरीवर बसून होती. कापूस वेचणी टाकून आली होती, अंगात ताप. डॉक्टर सुई लिहून देऊन पांढुर्ण्याला गेले होते. तिच्या गावची बंडी बैल जुंपून बाहेर उभी आणि बंडीवाला आरडत होता, "येऊन राहिली का नाही वो? का मुक्कामच करतं?" पाण्याला उकळी आली आणि तेवढ्यात गाडीची शिटी झाली. मी स्टोजवळ उभा राहिलो. मग निघतानाची शिटी वाजली. मला वाटलं, आज लवकर वाजली. हे वाटलं होतं बाई, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. पण बंडीवाला आरडत होता आणि मी स्टो बंद केला. तेवढ्यात तुमच्या रेंगीचे बैल दारात थांबले. तुम्ही हात धुतले, पदर खोचला आणि विचारलं, "झाली वीस मिनिटं?" मी म्हटलं, "झाली जी." तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. माझा शब्द घेतलात आणि सुई टोचली.

अर्ध्या तासानं स्टेशनवरचा हमाल लंगडत आला, अंगठा चेंगरलेला. मी पट्टी बांधतो आहे आणि तो सांगतो आहे, "गाडी टिकलीच नाही ना भाऊ आज. इंजिन रामाकोन्यालाच पाणी पिऊन आलं. आठ मिनिटात रवाना! संत्र्याच्या टोपल्या चढवता चढवता माया अंगठा गेला." तुम्ही पलीकडच्या खोलीत, मधे फक्त एक पडदा. कोणी सायकलवर गेलं असतं तर बंडी रस्त्यातच गाठता आली असती. तिला ठेवून घेता आलं असतं, सुईच्या जागेवर नजर ठेवता आली असती. मी पट्टी गुंडाळत राहिलो. हमाल म्हणाला, "किती गुंडाळता जी, अंगठा हाये, पागोटं नाही."

चौथ्या दिवशी ती बाई बंडीत पालथी पडून आली. सुई पिकली होती. कमरेखाली हा एवढा गोळा, अंगाला चटका बसावा असा ताप. डॉक्टरांनी चिरा दिला तेव्हा तिचं तोंड मी धरलं होतं. तिची सासू ओसरीवर ओरडत होती, "बाईच्या हातची सुई पिकली वो!" गावभर तेच झालं. तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. संध्याकाळी मला म्हणालात, "घरी ये जरा."

तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. चुलीवर तवा, परातीत ज्वारीचं पीठ, कोनाड्यात कंदील. तुम्ही स्टोवर पातेलं ठेवलं, उकळी येऊ दिली, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढं पाटावर ठेवलं आणि म्हणालात, "बस. वीस झाली की सांग." आणि भाकरी थापायला लागलात. मी बसलो. बाई, वीस मिनिटं किती मोठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. आठ मिनिटं झाली तेव्हा पातेल्यातलं पाणी बोटभरही आटलं नव्हतं. मला बोलायचं होतं. बारा झाली, पंधरा झाली, वीस झाली. मी म्हटलं, "झाली जी." तुम्ही हात न थांबवता विचारलं, "आणि त्या दिवशी?" मग मी गाडीचं, शिटीचं, हमालाचं सगळं सांगितलं. तुमची भाकरी तव्यावर करपली. मी कधी तुमची करपलेली भाकरी पाहिली नव्हती.

तुम्ही रागावाल, हाकलून द्याल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "गाडीवर मोजलं, ते येडेपण झालं. होते. पण हमालानं सांगितल्यावर तीन दिवस तू काऊन गप्प बसला? ते येडेपण नाही ना बावा." मग म्हणालात, दवाखान्याच्या रोजच्या वहीत लिही, तुझ्या हातानं. मी म्हटलं, माझं अक्षर चांगलं नाही जी. "अक्षराची परीक्षा नाही घेऊन राहिली मी," म्हणालात, आणि ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेऊन चांगली मला वाढली.

वही माझ्यापुढं रोज यायची. तुम्ही त्या तारखेखाली अर्धं पान कोरं सोडलं होतं. मी रोज पेन उघडत होतो. मुलगी, बायको, ती यादी. उद्या लिहू. मग नवे साहेब आले, पिकलेल्या सुईचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. वही चाळली, कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "किसकी ज़िम्मेदारी थी?" मी टेबलापासून चार हातांवर, पट्ट्यांचा डबा धरून उभा. तुम्ही थांबलात. मला वाटतं, माझ्यासाठी थांबलात. बाहेर कोणीतरी खोकत होतं. मी पट्ट्या मोजत होतो. मग तुम्ही म्हणालात, "मेरी. सुई मेरे हाथ की थी." खोटं नव्हतंच ते.

महिन्यात तुमची बदली झाली, छिंदवाड्याच्या पलीकडे डोंगरातल्या दवाखान्यात. जायच्या दिवशी जुन्या लुगड्याची कुंची माझ्या हातात दिलीत. "लेकीले थंडी लागू देऊ नको," एवढंच. अर्ध्या पानाचं काही बोलला नाहीत. चार-पाच वर्षांनी कळलं की तिकडेच तापानं गेलात. मी एकदाही भेटायला आलो नव्हतो. माझं नाव ठेवायच्या यादीत लागलं होतं.

ती रामाकोन्याची बाई पुढं दीड महिना माझ्याकडे जखम बांधायला येत होती. बरी झाली, पण पाय थोडा ओढायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, "तुमचा हात हलका हाये भाऊ. त्या बाईचा लई जड होता." मी पट्टीची गाठ मारली. पुढं नोकरीत जे जे नवे आले त्यांना मी शिटीची गोष्ट सांगायचो, उकळीपासून वीस मिनिटं कशी मोजायची ते शिकवायचो. गोष्टीत मात्र म्हणायचो, माझ्या आधी इथं एक ड्रेसर होता, त्यानं असं केलं. घरीदारी हीच गोष्ट. नातही तीच ऐकत मोठी झाली.

काल तिला मी लगेच सांगितलं, "आत्ताच्या आत्ता मोठ्या नर्सबाईंना सांग. आणि स्वतःच्या हातानं लिहून दे." एवढं मी बरोबर केलं बाई. तिनं विचारलं, "आबा, तुम्ही असते तर लिहिलं असतं?" मी म्हटलं, "हो."

आज सकाळी पुन्हा तिचा फोन आला. लिहून दिलं. बोलणी बसली, नोटीस येईल म्हणतात. पण सांगितलं म्हणून त्या पेशंटवर नजर ठेवली गेली, आणि संध्याकाळी तिचा रक्तदाब एकदम उतरला तेव्हा डॉक्टर खाटेजवळच होते. आता बरी आहे. पोरगी रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "तुमच्यामुळं झालं आबा. तुमच्या जागी दुसरा असता तर म्हणाला असता, राहू दे." इथं सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण मी म्हटलं, जेवून घे आता. रविवारी ती येणार आहे. हा कागद तिच्यापुढं ठेवावा असं मघापासून मनात येतं आहे, आणि कुंचीच्या ट्रंकेत खाली सारून द्यावा असंही येतं आहे. कोणतं होईल ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही असेल.

खरं लिहायचं ठरवलं म्हणून एवढं लिहितो. पोरगी तसं म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. त्या बाईनं माझा हात हलका म्हटला होता, तेव्हाही वाटलं होतं.