प्रकरण दुसरे आणि सतरा वेळा 'होय म्हाराजा'

लालबाग, मुंबई
रविवार, ता. ८ मार्च १९५९

तीर्थस्वरूप भिवामामा यांच्या पायांशी लवूचा नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याचा पाय सोडून दुसऱ्या पायाशी).

पत्र लिहायला कारण आहे, पण ते एकदम सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, म्हणून आधी खुशाली. गुडघा कसा आहे? मामींनी सांगितलेला पाला बांधता की त्यांना दिसेल असा नुसता खुंटीला टांगून ठेवला आहे? म्हैस व्यायली का? रेडी की रेडा? इकडे मी, मालनताई आणि तिच्या घरची मंडळी खुशाल आहोत. मुंबई अजून आपल्याला मिळालेली नाही. परवाच्या सभेत लवकरच मिळेल असं सांगितलं, पण तीन वर्षं मी हेच ऐकतो आहे. मिळाली की कार्ड टाकीन.

लवू नोकरी सोडून इतिहास लिहीत बसतो, असं तुमच्या कानावर आलं असेल. त्यातलं अर्धं खोटं आहे. नोकरी मी सोडलेली नाही, तिच्याकडे फारसा जात नाही इतकंच. गिरगावातल्या एका छापखान्यात मी प्रुफं पोचवायला आहे. जुळवलेल्या मजकुराचे कच्चे कागद लेखकाच्या घरी न्यायचे, त्यांनी चुका काढल्या की परत आणायचे. काम सोपं आहे, पण त्या कागदांवर मजकूर असतो ही त्यातली मोठी अडचण. ठाकुरद्वारला शामराव म्हणून एक गृहस्थ राहतात. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि आता निवृत्त होऊन एक जाडजूड इतिहास छापून घेताहेत. छापखान्यापासून त्यांचं घर दहा मिनिटांवर. पहिला गठ्ठा पोचायला तीन दिवस लागले, कारण वाटेत चौपाटीच्या बाकावर मी जरा टेकलो आणि एका वेढ्यात अडकलो. किल्ल्यातलं धान्य संपत आलं होतं, अशा वेळी उठून जाणं बरं दिसलं नसतं. शिवाय समासात दोन ठिकाणी मी पेन्सिलीने माझं मत लिहून ठेवलं होतं. शामरावांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि शिक्षण किती ते विचारलं. मी म्हटलं, सातवी, तीही दोन खेपांत. ते म्हणाले, "एक मत चुकीचं आहे, दुसरं मी घेतो आहे. बस, चहा पी."

तेव्हापासून मला जे झालंय ते डॉक्टरला सांगण्यासारखं नाही. बरोबरीची पोरं सिनेमाला जातात आणि मी ग्रंथालयाच्या शिडीवर बसून कुठल्या तरी किल्लेदाराने तीनशे वर्षांपूर्वी केलेली तक्रार वाचतो. (त्याच्या किल्ल्यावर दोरखंड कुजले होते. वर कळवून सहा महिने झाले तरी कोणी दाद घेईना. वाचताना माझाच जीव तुटायला लागला.) शामरावांचा एक नियम आहे. जे लिहाल ते कुठून कळलं तेही खाली लिहायचं. ही तळटीप मला इतकी आवडली की घरीही मी तसाच बोलू लागलो. आमटी आळणी आहे (आधार: स्वतः चाखून). शेजारची कमल रुसून माहेरी आली आहे (आधार: मालनताई, मालनताईचा आधार: नळावरच्या बायका). एके दिवशी मालनताईने ताट वाढायचंच बंद केलं, तेव्हा घरातल्या तळटीपा थांबल्या.

पहिलं पुस्तक मी शीवच्या किल्ल्यावर लिहिणार होतो. मोजमाप हवं म्हणून एका सकाळी पावलं टाकत तट मोजायला लागलो. चारशे बारा पावलं झाली तेव्हा एक कोळी आजोबा भेटले आणि काय हरवलंय ते विचारू लागले. मी म्हटलं, इतिहास शोधतोय. ते म्हणाले, इथे कुठला, तो माझ्या बापाला पाठ होता, घरी चल. मग त्यांच्याबरोबर शीव कोळीवाड्यात गेलो, दोन वेळचं जेवलो, जाळं कसं विणतात त्याची अकरा पानं लिहून घेतली. किल्ला अजून चारशे बाराव्या पावलावर तसाच उभा आहे. शामरावांनी ती अकरा पानं वाचली आणि म्हणाले, "तुला प्रत्येक रस्त्यावर वळण दिसतं. ज्या गावची प्रत्येक वाट पाठ आहे त्या गावचं लिही, म्हणजे चुकलास तरी गावातच राहशील."

म्हणून आता आपल्या गावचा इतिहास लिहितोय. पहिलं प्रकरण डोंगर, नदी आणि माती यांचं, ते सुखरूप पार पडलं. दुसरं प्रकरण गाव पहिल्यांदा कोणी वसवला याचं. त्याला कागद एकही नाही. मग मला तुम्ही आठवलात. गाऱ्हाणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगणं म्हणजे नवलच, पण शामराव गिरगावचे, त्यांना ते समजावून लिहावं लागलं: शिमग्याला गावचा मुख्य गावकर देवळात देवापुढे उभा राहून मोठ्याने विनवणी करतो, आधी गाव वसवणाऱ्या पूर्वजांची नावं ओळीने घेतो, मग मागणं मागतो आणि तो जिथे जिथे थांबेल तिथे मागे उभा असलेला गाव एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतो. तुम्ही घेता ती सगळी नावं मला तोंडपाठ आहेत, लहानपणी तुमच्या धोतराला धरून ऐकलेली. ती मी शामरावांना म्हणून दाखवायला लागलो तर ते पहिल्याच नावाला थांबले. देवनाक. म्हणाले, अशी नावं त्या काळी महार वस्तीत असत, तुमच्या यादीत हा पहिला कसा? मामा, वीस शिमगे मी ते नाव ऐकलं. मला वाटायचं, असेल कुठला तरी बारका देव.

हे मी कोंडीरामला सांगितलं. कोंडीराम म्हणजे आपल्याच गावच्या खालच्या वाडीतला. परळच्या चाळीत राहतो, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर आहे आणि माझ्यापेक्षा जास्त वाचतो, कारण तो वाचताना मध्येच उठत नाही. तो शांतपणे म्हणाला, "देवनाक आमचा. आजीच्या ट्रंकेत त्याचा कागद आहे. तू कधी विचारलंस?" मी विचारलं नव्हतं, हे खरं. त्याची आजी राधाबाई तुम्हाला आठवत असेल. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या घराने बौद्ध धर्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले देव समुद्रात सोडले. कागद हा देव नव्हता म्हणून राहिला. शामराव स्वतः परळला आले, खाटेवर बसले आणि दोन तास भिंग लावून मोडी वाचत राहिले. कागद म्हणतो की देवनाकाने गावाची शीव आखली, पाणवठा शोधला, गाव वसवला, म्हणून शिमग्याचा पहिला नारळ त्याच्या घरी जावा. आणि खाली साक्ष आहे ती आपल्या मूळपुरुषाची. साक्षीदार, मामा! तो मागून आला आणि तसं त्याने स्वतः कबूल करून ठेवलंय. मी राधाबाईंना म्हटलं, आजी, आता नारळाचा मान तुमचा. त्या तांदूळ निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "देव सोडले आमी, आता नारळ घेवन काय करतलों? नाव तेवढा लिही."

शामराव मात्र जाताना बजावून गेले. एक कागद म्हणजे एक साक्ष. पण कागद जे म्हणतो तेच तुमचं देऊळ दरवर्षी म्हणत असेल, तर ती दुसरी साक्ष, आणि दोघांनी एकमेकांना न विचारता दिलेली. ती आहे तोवर या प्रकरणाला कोणी हात लावू शकत नाही.

हात लागला तो गेल्या रविवारी, आणि तोही माझाच. मुंबईतल्या आपल्या गाववाल्यांचं मंडळ पुस्तक छापणार म्हणून सकाळी मंडळाच्या खोलीत मी दुसरं प्रकरण वाचून दाखवायचं ठरलं. चाळीस माणसं, देवाची तसबीर, पुढे नारळ. सुरुवातीला गाऱ्हाणं व्हायचं, पण ते घालणारा दगडू संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चाला गेला होता. अध्यक्ष दौलतराव म्हणाले, "लवू, तुका पाठ हा ना? तूच घाल, नि मगे वाच तुझा काय ता पुस्तक." मी उभा राहिलो. आवाज असा लागला की तुमचीच आठवण यावी. सगळे माना खाली घालून, डोळे मिटून 'होय म्हाराजा' म्हणत होते. शेवटचं मागणं झाल्यावर मी थांबायला हवं होतं, खाकरायला हवं होतं, निदान पाणी प्यायला हवं होतं. यांतलं काहीच केलं नाही. वही उघडली आणि त्याच सुरात म्हटलं, "प्रकरण दुसरे." मागून चाळीस आवाज आले, "होय म्हाराजा!"

माणसाने इथेच शुद्धीवर यायला हवं. पण आपल्या प्रत्येक वाक्याला चाळीस माणसं होय म्हणताहेत, हा अनुभव लिहिणाऱ्याला जन्मात येत नाही. मी वाचत गेलो. हा गाव प्रथम देवनाकाने वसवला. होय म्हाराजा! आपले पूर्वज मागून आले आणि त्यांनी त्याच्याकडे पाणवठा मागितला. होय म्हाराजा! त्याने तो दिला. होय म्हाराजा! पुढे आपल्याच लोकांनी पहिल्या नारळाचा मान त्याच्या घराकडून काढून घेतला आणि पाणवठ्यावर त्यालाच बंदी केली. इथे होय निम्माच आला, कारण दौलतरावांनी एक डोळा उघडला होता. मग एकेक डोळा उघडत गेला, आणि सर्वांत शेवटी बुधाजीकाकांचा (ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा होय नेहमी सर्वांच्या मागून येतो) खणखणीत, एकट्याचा आवाज आला, "होय म्हाराजा!"

दौलतराव ओरडले, "मेल्या, गाऱ्हाणा खय संपला नि तुझा पुस्तक खय सुरू झाला?" ते मलाही सांगता येईना. कोणी म्हणालं, ते पान फाडा. बुधाजीकाकांच्या कानात सगळं पुन्हा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, फाडा खुशाल, पण देवासमोर, नारळ ठेवून होय म्हटलंय, ते कसं फाडणार? मग वाद असा पेटला की पुस्तक राहिलं बाजूला आणि देवापुढे चुकून म्हटलेला होय लागू होतो की नाही यावर दोन तट पडले. दौलतराव मला म्हणाले, "सगळी मुंबई मिळवूक निघालीत, नि तू आमचो गाव घालवतंस!"

कोंडीराम गॅलरीत दाराशी उभा होता. (तो सभासद नाही. मंडळाने त्याच्या वाडीला कधी विचारलेलं नाही. मोर्चात मात्र तो आमच्या दोन रांगा पुढे असतो.) दौलतरावांनी त्यालाच गाठलं. म्हणाले, बाबा, तू शिकलेला, तूच सांग की हे थोतांड आहे, म्हणजे मिटलं. कोंडीराम म्हणाला, "मी कशाला मिटवू, दौलतराव? होय मी म्हटलं नाही, तुम्ही म्हटलंत. सतरा वेळा, मी मोजलं. मला तुमची पालखी नको की नारळ नको. कागद परळला आहे, वाचायला या, आजी चहा करील." आणि तो जिना उतरून गेला. मी त्याच्यामागे जायला निघालो होतो, पण मंडळींनी वही धरून ठेवली होती आणि वहीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

शेवटी ठरलं ते असं. देवासमोरचा होय देवासमोरच परत घ्यायचा. येत्या शिमग्याला तुम्ही वेगळं गाऱ्हाणं घालायचं, की लवूच्या तोंडून चुकीने निघालं आणि मंडळींच्या तोंडून सवयीने निघालं ते पदरात घे. आणि वाद मुळातूनच नको म्हणून यापुढे पहिलं नाव वगळून दुसऱ्यापासून सुरुवात करायची. तसं मंडळाचं पत्र तुम्हाला येतंच आहे.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा. मामींना नमस्कार सांगा आणि त्यांना हे पत्र वाचून दाखवताना आळणी आमटीचा भाग गाळा, नाहीतर तो मालनताईपर्यंत परत येईल.

तुमचा भाचा,
लवू

ता. क. – जमल्यास थोडी कोकमं पाठवा. शामरावांना आवडतात.

आणखी ता. क. – पत्राचं कारण कोकमं नव्हती. मामा, पुस्तक मंडळाने नाही छापलं तरी चालेल, मी छापखान्यात रिकाम्या वेळात एकेक पान जुळवीन (रिकामा वेळ मला भरपूर असतो). पण तुम्ही ते नाव गाळलंत तर दुसरी साक्ष संपली. मग राधाबाईंचा कागद एकटा पडेल आणि एकट्याला कोणीही खोटा म्हणतं. तुम्ही काही नवीन बोलायचं नाही, कोणाची बाजू घ्यायची नाही. तुमच्या वडिलांनी, आजोबांनी जसं घेतलं तसं पहिलं नाव घ्यायचं. शिमग्याला मी आणि कोंडीराम येतो आहोत. तो देवळाबाहेर वही घेऊन उभा राहील. तेवढा त्या नावाला आवाज चढवा.

शेवटचा ता. क. – दुसऱ्या प्रकरणाची पहिली तळटीप जुळवून झाली आहे: 'आधार: श्री. भिवाजी, मुख्य गावकर, तोंडी.' तुम्हाला न विचारता घातली याची माफी असावी.

हे खरंच शेवटचं – मंडळाचं पत्र याच पाकिटात आहे. अक्षर ओळखीचं वाटेल, कारण ते मीच लिहिलंय. मंडळात पत्र लिहिणारा दुसरा कोणी नाही. दौलतराव सांगत गेले, मी लिहीत गेलो, आणि दोन ठिकाणी त्यांचा मुद्दा लंगडा पडत होता तो मी नीट करून दिला. पत्र फार चांगलं उतरलं आहे, मामा. वाचाल तर पटेल. तरी पटवून घेऊ नका. देवनाकाचं नाव घ्या.