काळ्या पानांचे डेलिया

प्रिय धाकटे,

नव्या घराच्या अंगणात कोणते डेलिया लावू, असं विचारलंस. काळ्या पानांचेच लाव. फुलं काय, चार दिवसांची पाहुणी. हे झाड नुसत्या पानांवरही नजर खिळवून ठेवतं. कंद घेताना आकाराला भुलू नकोस, मानेशी कोंबाचा डोळा आहे ना, तेवढं बघ. जागा भर उन्हातली हवी. सावलीत पानं हिरवट पडतात, मग एवढा खटाटोप कशाला? गेल्या वर्षी मी बी पेरून पाहिलं, तर निम्मी रोपं हिरवीच निघाली. चांगली धट्टीकट्टी होती, पण उपटून टाकली. तू असतीस तर गळा काढला असतास आणि एकेक उचलून डब्यात लावत बसली असतीस.

आईला ही पानं कधीच आवडली नाहीत. जळकी दिसतात, म्हणायची. तू घर सोडलंस तेव्हा दारातून तिला म्हणाली होतीस, ताई आहे ना, ती बघेल सगळं. ताईनं बघितलं. शाळेतली नोकरी सोडून आईचं न्हाणं-धुणं, औषधपाणी, सगळं बघितलं. माझं ज्याच्याशी ठरत होतं, त्यानं दोन वर्षं वाट पाहिली आणि मग तो शहाणा झाला. त्याच्या मुलीच्या बारशाचे पेढे तूच खाल्लेस ना? फोनवर किती कौतुकानं सांगत होतीस.

आईला आता कुणाचीच ओळख राहिलेली नाही. सकाळी तिला वाफ्याशेजारी खुर्चीत बसवते आणि मी रोपांचे शेंडे खुडते. मध्यंतरी मी अशीच खाली वाकलेली असताना तिनं हाक मारली, चिमणे, आलीस का गं? तुझी हाक. मी तशीच उठून तिच्याकडे गेले. तिनं मला जवळ बसवलं, मातीनं भरलेले माझे हात हातात घेतले आणि हळूच म्हणाली, "थोरलीला सांगू नकोस हं. तिच्यावर माझा जीव कधी जडलाच नाही. ती राबते ना, म्हणून तिची भीती वाटते."

तेव्हापासून मी चिमणी झाले. केस तुझ्यासारखे कापून घेतले. उगाच खिदळते. आई मला आपल्या ताटातला घास भरवते, गालावरून हात फिरवते. थोरली कुठे गेली, असं तिनं एकदाही विचारलेलं नाही.

डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. पुढच्या आठवड्यात भेटायला येते म्हणालीस, म्हणून हे लिहिते आहे. येऊ नकोस. तुझी जागा रिकामी नाही. तरी आलीसच, तर मी तुला हाताला धरून तिच्यासमोर उभी करीन आणि सांगीन, आई, ही बघ थोरली आली. मग ती ज्या नजरेनं तुझ्याकडे बघेल ना, ती मी जन्मभर झेलली आहे. तुला एक दुपारसुद्धा सोसायची नाही.

तुझीच,
ताई