शालीतला ग्राउंडहॉग

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
८ फेब्रुवारी १९८५

तीर्थस्वरूप सुलभामावशीस,

सुमेधाचा हातमोज्यांसकट हात जोडून नमस्कार. काकांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो ना? मी ठणठणीत आहे आणि (हे शेजारच्या मालिनीकाकूंना मुद्दाम वाचून दाखव) गेल्या शनिवारपासून या भागात बरीच प्रसिद्धही आहे.

झालं असं, की इकडे दोन फेब्रुवारीला ग्राउंडहॉग नावाचा प्राणी (दिसायला घुशीसारखा, पण चांगला मांजराएवढा आणि लठ्ठ) बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. हवामानशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलीने असलं काही बघायला जावं का? पण माझी रूममेट सीमा म्हणाली, "चल यार, फुकट पॅनकेक आहेत," आणि आम्ही जवळच्या एका गावी ड्राइव्ह करून गेलो.

उंच काळी टोपी घातलेले मिस्टर हॉफर नावाचे आजोबा त्याला उचलून गर्दीला दाखवत होते. तेवढ्यात बँड वाजला, प्राणी बिथरला, त्यांच्या हातातून निसटला आणि थेट रस्त्याकडे पळाला. समोरून बर्फ सरकवणारा ट्रक येत होता. सगळे जागच्या जागी उभे. मी मात्र धावले, बर्फावर घसरले आणि घसरता घसरताच तू दिलेली शाल टाकून त्याला कवटाळलं. मावशी, त्याचं काळीज माझ्या हाताखाली इतकं धडधडत होतं, की मी आपोआप "घाबरू नको रे सोन्या" म्हणाले. तो शांत झाला. (मराठी सगळ्यांना कळतं.)

आजोबांचे डोळे भरून आले. आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवत ते म्हणाले, "आजचा निकाल तुम्हीच सांगा." मी आभाळाकडे पाहिलं. गच्च ढग. माईकवर जाहीर केलं, "सावली नाही. वसंत लवकर येणार." सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. इथे आल्यापासून प्रथमच लोकांनी माझं नाव पुन्हा पुन्हा विचारून नीट म्हणून पाहिलं. आता डिपार्टमेंटमध्ये सर विचारतात, अंदाजाला कोणतं मॉडेल वापरलं? मी ताठ मानेने सांगते, "जिवंत."

तुझी,
सुमेधा

ता. क. त्या दिवसापासून इथे रोज बर्फ पडतोय.

आणखी एक ता. क. वसंत येणारच म्हणून मी माझा जाड स्वेटर इथे नव्याने शिकायला आलेल्या श्रीरामला देऊन टाकला. तो परत मागितला तर माझ्या अंदाजावर माझाच विश्वास नाही असं होईल. तेव्हा एक विणून पाठव, लांब बाह्यांचा. विमानाने.