अंगण कोण झाडणार

मॉस्को, डिसेंबर

आईस,
दुरून सलाम. मी बरा आहे, कोट उबदार आहे. तुझे गुडघे कसे आहेत? आपल्या कुलोबला बर्फ पडला का?

"ही महाराणी पहाटे अंगण झाडत नाही," असं म्हणून तू फोनवर रडलीस आणि मी इथूनच तुझ्या सुनेला, शहनोजाला तीनदा तलाक म्हणालो. शेजारच्या खाटेवरून दाजी म्हणाले होते, "आईचा शब्द मोडू नकोस."

काल दाजींच्या आईचा फोन आला. आपली जुलैखाताईही म्हणे उशिरा उठते. दाजींनी माझ्यासमोरच तिला तीनदा तलाक म्हटलं. मी कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

ताई आता आपल्या घरी येईल. तिला पहाटे उठवू नकोस.

तुझाच,
बहरोम