म्हातारीनं विचारलेलं

अक्का, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली. निलंग्याच्या तुमच्या दवाखान्यावर आता एका कंपनीची पाटी हाय, आणि मी इकडं हैदराबादेत तसल्याच एका कंपनीच्या दवाखान्यात व्हीलचेअर ढकलतो. सातवीत शाळा सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "पायाला भिंगरी हाय तुझ्या, कुठंच टिकायचा न्हाईस." इथं मात्र तीन वर्षं टिकलो.

कालपासून दुष्काळातला तो दिवस आठवायलाय. बाकड्यावर माणसं दाटीनं बसलेली, आपला तालुका नवा जिल्हा होणार म्हणून गप्पा रंगलेल्या. कुणी म्हणतं, "जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतो." पलीकडची एक बाई म्हणते, "आधी टँकर येऊ दे की बाबा!" माझं पोट दुखायलंय. आईला वाटतंय अपेंडिक्स हाय, आता लातूरला न्यावं लागतंय, म्हणून ती रडायली. तुम्ही तळहात एकमेकांवर घासून ऊन केले आणि मग माझ्या पोटावर ठेवले. किती तरी वेळ दाबून बघितलं. "पाणी कुठलं पितोस?" मी म्हणालो, विहिरीच्या तळाचं. "उकळून पाज गं ह्याला. दोन दिवस बघू, न्हाई थांबलं तर मीच लातूरला धाडते." आई म्हणाली, "अक्का, एक सुई तरी द्या." तुम्ही डाफरलात, "सुईनं पाणी गोडं होतंय का?" रिकाम्या हातानं परत आलो आणि दोन दिवसांत पोट दुखायचं थांबलं.

परवा किल्लारीकडची एक म्हातारी आली, सोबत सून. दोघींना मराठीशिवाय काही येत न्हाई, म्हणून मला बोलवलं. जळजळ होते म्हणून आलेली. तपासणीत पित्ताशयात खडे दिसले. डॉक्टर तरणा, माझ्याच वयाचा. हळूच मला हिंदीत म्हणाला, "घाई काही नाही. हे खडे तिला त्रास देत नाहीत. थांबायचंय का विचार. ती नको म्हणाली तर मला तसं लिहिता येईल. मी आपणहून परत पाठवलं, तर सोमवारी ऑपरेशनचा आकडा विचारून वरचे मलाच उभं करतात." एवढ्यात मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. मला कायम करायचं त्याच्याच हातात. मी विचारायच्या आधीच म्हातारी म्हणाली, "लेकरा, न्हाई कापलं तर चालंल का रे?"

अक्का, चालंल, एवढंच तर तिला सांगायचं होतं. मी डॉक्टरला म्हणालो, "तैयार है." आणि तिला म्हणालो, "डॉक्टर म्हणतेत, करून घ्या." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं वळला.

ऑपरेशन नीट झालं. उद्या ती घरी जाईल. वॉर्डात सगळ्यांना सांगते, "आपल्याकडचं लेकरू भेटलं म्हणून निभावलं बाई." तिचे हात लई गार होते, आत नेताना मी माझे घासून तिच्या हातावर ठेवले, तुमच्यासारखे. ते तरी कशाला केलं, कोण जाणे.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या पत्त्यावर कंपनी बसलीय. आज दुपारी सुनेनं फडक्यात बांधलेली दोन धपाटी माझ्या हातात दिली. नको म्हणायला पाहिजे होतं. खाल्ली मी, दोन्ही.