राणीचं वाक्य

शुक्रवार, दिवेलागण

लाईट आज उशिरा आली, म्हणून हे उसाला पाणी भरायला गेलेत. कालच शेजारच्या सोनाबाईंचं वासरू बिबट्याने नेलं. याच उसातून आला होता.

उसात शिरताना मोबाईल मोठ्याने लावायचा, म्हणजे तो लांब राहतो म्हणे. बाकीचे गाणी लावतात. यांना माझा आवाज लागतो. म्हणून मी दोन-चार कविता आणि कॉलेजात आम्ही दोघांनी केलेल्या जुन्या नाटकातला राणीचा प्रवेश रेकॉर्ड करून दिला. राणी थांबली की हे राजाचं वाक्य ओरडतात, मला ओसरीवर ऐकू येतं. दोघांनाही तेवढाच धीर. शेवट मात्र मी मुद्दाम गाळला. त्यात राजा परत येत नाही.

मघाशी राणी मधेच बंद पडली. बॅटरी संपली? की मोबाईल हातातून पडला? का पडला? राजाही गप्प.

सोनाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गप नका बसू बाई. तुमीच बोला, आवाज जाऊ द्या."

मी उसाकडे तोंड करून राणीचं वाक्य ओरडले. काहीच नाही. पुन्हा ओरडले. मग लांबून राजा बोलला. नेहमीसारखा चुकत, अर्धं वाक्य गिळून. एरवी मी टोकलं असतं.

तेव्हापासून मी ओरडते, उत्तर आलं की इथे लिहिते. पण पाणी अजून अर्ध्यावरच आहे आणि प्रवेश संपत आलाय. पुढे तो शेवटच.

परत पहिल्या वाक्यापासून सुरू करते.