डाव्या पायाच्या कामट्या

शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर
(हात सवयीनं अजून उस्मानाबादच लिहितो, वर खोडलंय ते तेच.)

बालमित्र शेषेराव यास,

नरसिंगाचा रामराम. हदगावात तू, वहिनी, लेकरंबाळं खुशाल असाल असं धरून चालतो. विहिरीला पाणी आहे का, हे विचारायचा धीर होत नाही. इकडे जिल्हा नवा झाला, आभाळ मात्र जुनंच, कोरडं ठाक. टँकर आला की आधी बाया भांडतात, मग घागरी.

मी पंधरवडाभर खाटेवर होतो. जन्मभर पोरांना कविता शिकवल्या. चंद्राला, कमळाला पाहिजे तेवढे शब्द पाठ. पण सूज जिथं आली त्या जागेला घरात म्हणायचा एक शब्द सापडेना. (अंड. घे, लिहिला.) डावं अंड पेरूएवढं झालं, लालभडक, धोतराचा काठ लागला तरी कळ मस्तकात जाई. लघवीला आग, अंगात ताप. मुलानं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, पाय मुरगळला.

झालं. त्यानं निलंग्याकडच्या संगप्पाला आणलं. हा हाडवैद्य. त्यानं गुडघा पिरगाळला, मी ओरडलो (दुसऱ्याच जागेसाठी), आणि लई आत गेलंय म्हणत त्यानं मांडीपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या आवळल्या. आता पाय फाकवून पडायचीही सोय गेली. गाव भेटायला येई, चांगल्या पायाला हात लावून हळहळे. शेजारचा चन्नबसप्पा तर धपकन खाटेवरच बसला. तापात मला लोह्याची आपली शाळा दिसे. सगळे एका सुरात कविता म्हणतोय, खिडकीबाहेर चिंच हलतेय. वाटे, असंच जावं, लाज राखून.

कामट्या सुनेनं सोडल्या. सिंधू रोजगार हमीच्या खडीवर जाते, त्या दिवशी गेली नाही. म्हणाली, "मामा, पायाचं सोंग पुरं झालं. धोतर मीच धुते न्हवं? मला कवाचं ठावं हाय." मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं एसटीत घातलं.

लातूरचे डॉक्टर तरुण, पण खूप रागावले. म्हातारपणी लघवी तुंबते, त्यात मी दुष्काळात पाणी पिणं तोडलेलं; लघवीतले जंतू खाली उतरले. आणखी थांबलो असतो तर पू होऊन अंड काढावं लागलं असतं. ताप गेला तरी गोळ्या पुऱ्या संपवायच्या, पडून राहायचं, खाली टॉवेलची घडी, उठताना लंगोट, फडक्यात गुंडाळून बर्फ. आणि पाणी भरपूर प्यायचं. या साली! सिंधू स्वतःच्या वाट्याची कळशी माझ्या उशाशी ठेवते आणि मी पितो. बर्फ गारेगारवाल्याकडून येतो. गल्ली म्हणते, मास्तरला म्हातारपणी गारेगारचं याड लागलं. सूज उतरत चालली आहे.

तुझा,
नरसिंग

ता. क. संगप्पानं मला चालताना पाहिलं. आता कामट्यांचा गुण गावभर सांगत सुटलाय. मीही मान डोलावतो.

आणखी ता. क. शेषेराव, लोह्यातल्या त्या लग्नात पंगतीवरून उठताना तू कानात म्हणालास, "मला बी तिथं गाठ हाय, कडक, पर दुखत न्हाई, मंग कशाला दाखवायची?" तुझं नाव न घेता डॉक्टरांना विचारलं. ते जागेवरून उठले. म्हणाले, "दुखणारं परवडलं. त्या माणसाला आधी पाठवा." पत्र एवढ्यासाठीच. मंगळवारी सकाळी नांदेडच्या स्टँडवर ये, मी सोबत दवाखान्यात येतो. आला नाहीस तर पुढच्या गाडीनं हदगाव गाठीन आणि वहिनींना मीच सांगीन.